जठारपेठेतल्या दुकानाची जाहिरात: नुसता आवाज की व्हिडिओ?

ऑनलाइन जाहिरात कशी करायची, हे माल पाहून घेतला जातो की माहिती ऐकून, यावर ठरते. 🎥🎙️

व्हिडिओ कुठे? अकोल्याच्या जठारपेठेतल्या साडीच्या दुकानाला व्हिडिओच हवा. काठाची वीण, पदराची नक्षी, उजेडातला खरा रंग ऐकून कळत नाही. दागिने आणि फर्निचरचेही तेच.

आवाज कुठे? सल्ला किंवा भाव सांगायचा असेल, तर आवाज पुरतो. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी केव्हा करावी, हे कृषी सेवा केंद्राने वऱ्हाडीत सांगितले, तर कापूस वेचता वेचताही ऐकता येते; व्हिडिओसाठी हातातले काम थांबवावे लागते. नुसत्या आवाजावर माल खपतो हे रेडिओने आधीच दाखवले: विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ मध्ये.

डेटा किती? सेकंदाला ६४ किलोबिट दराने एक मिनिट आवाज म्हणजे सुमारे अर्धा एमबी. सेकंदाला २ मेगाबिट दराने तेवढाच व्हिडिओ १५ एमबी. खेड्यात रेंज कमी असली की हा फरक जाणवतो.

काळजी काय? व्हिडिओ बरेचदा आवाज बंद ठेवून पाहिला जातो. म्हणून किंमत आणि पत्ता पडद्यावर मराठीत लिहावा. ध्वनिमुद्रण रस्त्यावरच्या हॉर्नपासून दूर, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून करावे आणि दुकानाचे नाव सुरुवातीला व शेवटी, असे दोनदा घ्यावे.

#अकोला #जठारपेठ #व्यवसाय