काळी आहे, पण जड नाही! हलक्या अमेरिकन पोर्टर बिअरला परीक्षक मार्क देतात तरी कसे?

काळी बिअर म्हणजे स्ट्राँग बिअर, असा आपल्याकडे पक्का समज आहे. ग्लासात काळंभोर काही दिसलं की टेबलावरचा एक जण तरी म्हणतोच, "बाबा रे, ही चढणार!"

आता गंमत बघा. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध काळ्या बिअरपैकी एक म्हणजे गिनेस ड्राफ्ट. तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्के. आणि आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्याधमक बिअरच्या बाटलीवर ८ टक्क्यांपर्यंतचा आकडा असतो. म्हणजे रंगाचा आणि चढण्याचा थेट संबंध नाही. रंग येतो भाजलेल्या धान्यातून, अल्कोहोल येतं साखर आंबल्यावर.

याच समजाचा एक जुळा भाऊ आहे. काळी बिअर घट्ट आणि जडच असली पाहिजे, हा तो समज. याच्यापायी अमेरिकेतल्या एका जुन्या पद्धतीच्या बिअरला लोक आजही दोन स्टार देऊन मोकळे होतात आणि खाली एकच शब्द लिहितात : पाणचट. ही बिअर म्हणजे हलक्या बॉडीची पोर्टर.

मग बिअर पातळ असणं हा दोष आहे का? आणि बिअरचे परीक्षक हे ठरवतात कसं? तेच आज समजून घेऊ.

हमालांची बिअर अमेरिकेत पोहोचली कशी?

पोर्टर मूळची लंडनची. अठराव्या शतकात तिथल्या रस्त्यांवर आणि थेम्स नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांना ती आवडायची. हमाल म्हणजे पोर्टर, म्हणून बिअरही पोर्टर. आज वेगळी मानली जाणारी 'स्टाउट' हीसुद्धा मुळात जास्त कडक पोर्टरच.

इंग्रजांसोबत ही बिअर अमेरिकेत गेली. फिलाडेल्फियात ती चांगली बनू लागली. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये लाफायेत यांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं, की आपल्या घरात पोर्टर आणि चीज वापरतो ते अमेरिकेत बनलेलंच. थोडक्यात काय, तर 'स्वदेशी'चा आग्रह तिकडेही होता.

पुढे १८२९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिल गावात डेव्हिड यिंगलिंग या जर्मन स्थलांतरिताने बिअरचा कारखाना काढला. यिंगलिंग ही आज अमेरिकेतली सर्वात जुनी चालू ब्रुअरी आहे. जर्मन मंडळी अमेरिकेत वाढली तसं त्यांचं लागर बिअरचं तंत्रही आलं. पेनसिल्व्हेनियात पोर्टरसाठी लागरचं यीस्ट वापरलं जाऊ लागलं, बार्लीसोबत मकाही पडू लागला. बिअर काळीच राहिली, पण अंगाने हलकी झाली.

१९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. यिंगलिंगने त्या काळात नाममात्र अल्कोहोलची बिअर आणि आइस्क्रीम विकून दिवस काढले. बंदी उठली आणि पोर्टर टिकून राहिली. तिकडे इंग्लंडमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्टर जवळपास संपली होती.

मग आली नवी लाट. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने पोर्टर बनवली. १९८८ मध्ये ओरेगॉनमध्ये डेशूट्स ब्रुअरीची 'ब्लॅक ब्यूट पोर्टर' आली. क्लीव्हलंडच्या ग्रेट लेक्स ब्रुअरीने 'एडमंड फिट्झगेराल्ड पोर्टर' काढली. १९७५ मध्ये सुपीरियर सरोवरात बुडालेल्या मालवाहू जहाजाचं हे नाव, त्या दुर्घटनेत २९ जण गेले होते. या नव्या पोर्टर जास्त भाजक्या, जास्त हॉप्सच्या आणि जास्त भरदार होत्या.

घोळ झाला तो इथे. 'अमेरिकन पोर्टर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नवी भरदार पोर्टर येऊ लागली, आणि जुनी हलकी पोर्टर त्याच फुटपट्टीने मोजली जाऊ लागली.

बॉडी म्हणजे नेमकं काय?

बिअर तोंडात घेतल्यावर जिभेला तिचं जे वजन जाणवतं, ती बॉडी. साय काढलेलं दूध आणि म्हशीचं दाट दूध यांत जो फरक जाणवतो, तोच.

हा फरक बराचसा ठरतो भट्टीत. बिअर करताना माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा भरडा गरम पाण्यात भिजवतात. पाणी ६३ ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं, की यीस्टला सहज खाता येईल अशी साखर जास्त तयार होते. यीस्ट ती फस्त करतं आणि बिअर हलकी होते. पाणी ६८ ते ७० अंशांवर नेलं, की डेक्स्ट्रिन नावाचे मोठे कण जास्त उरतात. ते यीस्टला पचत नाहीत, बिअरमध्ये तसेच राहतात आणि तिला भरदार करतात. मका घातला तर बिअर आणखी हलकी होते.

आणि काळा रंग? १८१७ मध्ये लंडनच्या डॅनियल व्हीलर यांनी माल्ट काळं होईपर्यंत भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. तेव्हापासून चिमूटभर काळं माल्ट घालून अख्खी बिअर काळी करता येऊ लागली. म्हणून बिअर डांबरासारखी काळी आणि तरीही सडपातळ असू शकते.

५० मार्कांचा पेपर

अमेरिकेत १९८५ पासून 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम', म्हणजे बीजेसीपी, ही संस्था परीक्षक तयार करते. घरगुती ब्रुअर्सच्या स्पर्धांत तिचीच मार्कांची पद्धत चालते. पेपर ५० मार्कांचा :

• वास – १२
• दिसणं – ३
• चव – २०
• तोंडातला स्पर्श – ५
• एकूण छाप – १०

बघा, ज्या रंगावरून आपण बिअरला जोखतो, त्या दिसण्याला ५० पैकी फक्त ३ मार्क! बॉडी येते तोंडातल्या स्पर्शात, त्याला ५. वास आणि चव मिळून ३२.

चव घ्यायची रीत

पहिली गोष्ट म्हणजे फ्रीजमधली थंडगार बाटली लगेच ओतायची नाही. फार थंड बिअरला वास येत नाही आणि जीभही बधिर होते. पोर्टर साधारण १० ते १३ अंशांवर चांगली कळते. ग्लास स्वच्छ हवा, साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. परीक्षक जेमतेम ६० ते ९० मिली ओततात, तेवढं पुरतं.

दुसरं, ग्लास उजेडासमोर धरायचा. हलकी पोर्टर बऱ्याचदा कडेला माणकासारखी लालसर दिसते. फेस फिका तपकिरी असतो.

तिसरं, आधी वास, मग घोट. ओतल्याबरोबर दोन-तीन छोटे श्वास घ्यायचे. भाजलेल्या पावाची कड, कोको, थोडी कॉफी, काकवीसारखा गोडसर वास, असं काही सापडेल.

चौथं, घोट जिभेवर सगळीकडे फिरू द्यायचा आणि गिळायचा. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे गिळतात, कारण गिळल्यानंतर मागे काय उरतं हेही तपासायचं असतं.

दोष ओळखायलाही नाक-जीभच कामी येते. लोण्यासारखा वास म्हणजे डायअसेटिल. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची राहिली. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर तिला हवा लागून ती शिळी झाली. फार उकळलेल्या चहासारखी जीभ आकसली तर तो तुरटपणा.

पातळ की पाणचट?

आता मुद्द्याचं. हा फरक कळायला बिअर सोडा, आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे.

पुरणपोळीसोबतची कटाची आमटी आठवा. पुरणाची डाळ शिजवून काढलेलं पाणी, त्याला फोडणी, गोडा मसाला, चिंच-गूळ. आमटी पातळच असते, पण तिला कुणी पाणचट म्हणत नाही, कारण घोट घेतल्यावर चव शेवटपर्यंत टिकते. उलट, अचानक चार पाहुणे आले म्हणून घट्ट वरणात दोन तांबे पाणी ओतलं, तर ते पाणचट. पातळ दोन्ही आहेत, पण पहिलं ठरवून केलंय आणि दुसरं बिघडलंय.

परीक्षकही हेच शोधतो. घोट हलका असला तरी मधोमध चव रिकामी पडते का? भाजका स्वाद सुरुवातीला येऊन लगेच गायब होतो, की गिळल्यावरही थोडा रेंगाळतो? कडूपणा आणि माल्टचा गोडवा एकमेकांना सांभाळतात, की गोडवा नसल्याने कडूपणा उघडा पडतो? चव टिकली, तोल राहिला, तर ती हलकी बिअर. चव मध्येच तुटली, नुसती राखेसारखी कडवट छटा उरली, तर ती पाणचट.

एकच ग्लास, दोन निकाल

बीजेसीपीच्या नियमावलीत 'अमेरिकन पोर्टर'ची बॉडी मध्यम ते जरा भरदार अपेक्षित आहे, अल्कोहोल ४.८ ते ६.५ टक्के. २०१५ च्या नियमावलीत मात्र ऐतिहासिक बिअरच्या गटात 'प्री-प्रोहिबिशन पोर्टर', म्हणजे दारूबंदीच्या आधीची पोर्टर, असा प्रकार आला. तिथे बॉडी हलकीकडे झुकलेली ते मध्यम, अल्कोहोल ४.५ ते ६ टक्के आणि मक्याचा हलका स्वादही चालतो. यिंगलिंग पोर्टर साधारण ४.७ टक्क्यांची. त्या प्रकाराच्या उदाहरणांत तिचं नाव आहे.

आता एक काल्पनिक मार्कशीट बघू. एक स्वच्छ, निर्दोष, हलकी पोर्टर आहे. तिला जुन्या पोर्टरच्या गटात वासाला ८, दिसण्याला ३, चवीला १४, स्पर्शाला ४ आणि एकूण छापेला ७ मिळाले. बेरीज ३६, म्हणजे 'खूप चांगली'. त्या श्रेणीत ३० ते ३७ मार्क येतात.

तोच ग्लास 'अमेरिकन पोर्टर' म्हणून ठेवला. वास कमी भाजका वाटला, ७. दिसणं ३. चव सौम्य वाटली, १२. बॉडी अपेक्षेपेक्षा हलकी, २. छाप ५. बेरीज २९. श्रेणी घसरून नुसती 'चांगली'.

बिअर तीच आणि जीभही तीच. बदलली ती फक्त फुटपट्टी.

एवढा कीस काढायचा कशाला?

कारण मार्कशीट परत जाते बिअर बनवणाऱ्याकडे. स्पर्धेत परीक्षक नुसते मार्क देत नाहीत, सुधारणाही लिहितात. त्याने "बॉडी कमी आहे, माल्ट वाढवा" असं लिहिलं, तर घरच्या गॅरेजमध्ये बिअर करणारा एखादा माणूस मुळात बरोबर असलेली रेसिपी बदलून बसतो. पुढच्या वेळी बनते ती बाकीच्यांसारखीच एक भरदार पोर्टर.

ऑनलाइन रेटिंगचं तर आणखी अवघड आहे. तिथे फुटपट्टीच नसते, 'मला आवडली की नाही' एवढंच असतं. सगळ्यात वरच्या याद्यांत जड आणि कडक बिअरचाच भरणा दिसतो, कारण एका घोटात छाप पाडायला त्या सोप्या असतात. हलकी पोर्टर पहिल्या घोटाला ओरडत नाही. ती जेवणासोबत, भाजलेल्या मटणासोबत, सावकाश कळते.

आवडनिवड असायलाच हवी. कुणाला हलकी पोर्टर नाही आवडली तर काही बिघडत नाही. पण "मला आवडली नाही" आणि "ही बिअर वाईट आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि परीक्षकाला पगार नसला तरी काम असतं ते या दोन वाक्यांत गल्लत न करण्याचं.

आता पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरीतही फळ्यावर अधूनमधून पोर्टर दिसते. कायद्याने ठरवलेलं वय झालेलं असेल आणि घरी जाताना गाडी दुसरं कुणी चालवणार असेल, तर छोटा ग्लास मागवा. पाच मिनिटं तसाच ठेवा. आधी वास घ्या, मग घोट.

आणि स्टार द्यायच्या आधी एवढंच विचारा : ही बिअर कटाची आमटी आहे, की पाणी ओतलेलं वरण?