वाहनचालकांचे हक्क आणि कठोर कायदा : जानेवारी २०२४ च्या संपाच्या संदर्भात

प्रस्तावना :
निफाड तालुक्याचे अर्थकारण मालवाहतुकीशी निगडित आहे. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील कांदा आणि परिसरातील द्राक्षे मोठ्या प्रमाणावर ट्रकने परगावी जातात. १ जानेवारी २०२४ रोजी देशभर चालकांचा संप सुरू झाला, तेव्हा मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन डेपोतील टँकर थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. प्रस्तुत लेखात चालकांच्या आक्षेपाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

कायद्यातील बदल :
भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ अन्वये निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कमाल २ वर्षे कारावास होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ही मर्यादा ५ वर्षांवर नेली. बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडविल्यावर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळविता पळून गेल्यास कलम १०६(२) मध्ये १० वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद करण्यात आली. संपकाळात ७ लाख रुपये दंडाची चर्चा झाली. परंतु उपकलमात कोणतीही रक्कम नमूद नाही.

आक्षेपाचे मर्म :
अपघातस्थळी थांबल्यास जमाव जीव घेईल, ही चालकांची भीती होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ ने ती पूर्वीच मान्य केली आहे. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य असले, तरी जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाल्यास त्यास सूट आहे; पोलीस ठाण्यात कळविण्यास कमाल २४ तासांची मुदतही आहे. कलम १०६(२) मध्ये असा अपवाद नाही आणि ‘लगेच’ या शब्दाची मर्यादाही स्पष्ट नाही. दुसरीकडे, चालक निघून गेल्यास जखमीला वेळेवर मदत मिळण्याची शक्यता कमी होते, हेही नाकारता येत नाही.

संघटनेची भूमिका :
२ जानेवारी रोजी केंद्रीय गृहसचिवांनी ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी चर्चा केली. या संघटनेशी विचारविनिमय करूनच उपकलमाच्या अंमलबजावणीचा निर्णय होईल, असे आश्वासन देण्यात आले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू होताना कलम १०६(२) वगळले गेले. मात्र ५ वर्षांच्या शिक्षेचे कलम १०६(१) त्याच दिवशी अंमलात आले. चर्चा करणारी संघटना मुख्यत्वे वाहतूकदारांची होती. कारावासाचा धोका मात्र चालकास होता.

समारोप :
सारांश, वादाचे मूळ शिक्षेच्या वर्षांपेक्षा अपवादाच्या अभावात आहे. १९८८ च्या अधिनियमातील संरक्षण नव्या तरतुदीत समाविष्ट करून, सुरक्षित ठिकाणाहून तत्काळ दूरध्वनीने कळविण्याचे बंधन घातल्यास चालकाचा जीव व जखमीचा हक्क या दोहोंचे रक्षण साधता येईल.