थकवा आणि आहार

श्रमानंतर थकवा येणे हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. दिवसभर शेतात राबलेला शेतकरी किंवा परीक्षेसाठी जागलेला विद्यार्थी शांत झोपेनंतर पुन्हा ताजातवाना होतो. परंतु काही व्यक्तींचा थकवा झोपेने जात नाही. अंघोळ करणे, जिना चढणे किंवा थोडा वेळ वाचणे एवढ्या श्रमानेही त्यांची प्रकृती पुढे कित्येक दिवस ढासळते. ही अवस्था महिनोन् महिने टिकते. तिला दीर्घकालीन थकव्याचा विकार म्हणतात.

१९५५ साली लंडनमधील रॉयल फ्री रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचारी एका अनाकलनीय आजाराने अंथरुणाला खिळले. कारण सापडले नाही. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी हा सामूहिक उन्माद असावा, असे मत मांडले. अशा मतांमुळे रुग्णांच्या वाट्याला आजाराबरोबर अविश्वासही आला. घरच्यांनी व सहकाऱ्यांनी त्यांना आळशी ठरवले. पुढे २०१५ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने उपलब्ध संशोधन तपासून, हा गंभीर शारीरिक आजार आहे, असा निर्वाळा दिला. तरीही त्याचे निदान पक्के करणारी एखादी रक्ततपासणी वा तो समूळ बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही.

औषध नसले की माणसाचे लक्ष साहजिकच ताटाकडे वळते. कमी कर्बोदकांचा आहार हा असाच एक उपाय अनेक रुग्ण करून पाहतात. भात, पोळी, भाकरी, बटाटा व साखर यांतील कर्बोदकांचे पचनानंतर ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि ते ग्लुकोज पेशींत पोहोचवण्यास मदत करते. कर्बोदके फार कमी केल्यास शरीर ऊर्जेसाठी स्निग्ध पदार्थांचा अधिक वापर करते आणि यकृतात कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात. मेंदूही त्यांचा इंधन म्हणून उपयोग करू शकतो. जेवणानंतर येणारी सुस्ती त्यामुळे कमी होते, असा काही रुग्णांचा अनुभव आहे.

मात्र अनुभव आणि पुरावा यांत अंतर असते. या आजारात प्रकृती आपोआपही चढउतार करते. त्यामुळे आलेली सुधारणा आहारामुळेच झाली, असे ठामपणे म्हणता येत नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनातही संतुलित आहार व पुरेसे पाणी यांवरच भर आहे.

या आहाराला काही धोकेही आहेत. सुरुवातीच्या दिवसांत शरीरातील पाणी व मीठ अधिक प्रमाणात बाहेर पडते. डोके दुखते, गळून गेल्यासारखे वाटते. उभे राहताच चक्कर येणाऱ्या रुग्णांना हा त्रास अधिक जाणवू शकतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक दीर्घ थकवा हा हाच विकार नसतो. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, मधुमेह, क्षयरोग यांतही माणूस थकतो आणि या आजारांवर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी, मग आहारातील बदल, हा क्रम पाळावा. साखर व मैदा कमी करून उसळी, डाळी, पालेभाज्या, दही, अंडी यांचे प्रमाण वाढवणे बहुतेकांना सोसते. झेपेल तेवढेच काम आणि वेळेवर विश्रांती यांचीही जोड हवी.

आहार हा रुग्णाचा आधार होऊ शकतो. तो चमत्कार नव्हे. रुग्णावर विश्वास ठेवणारे घर हाही तितकाच मोठा आधार असतो.