लायसननंतरची शाळा

नेसरी म्हटले की प्रतापराव गुजर आणि २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस आठवतो. या लेखाचा विषय मात्र त्याच मुलखातला आजचा माणूस आहे. गडहिंग्लज-नेसरी-चंदगड रस्त्याने उसाची ट्रक नेणारा, काजूची पोती भरून निघणारा, चंदगडहून तिलारी किंवा आजऱ्याहून आंबोली घाटाने कोकण-गोव्यात उतरणारा, आणि एसटीत पन्नास माणसे बसवून त्याच वळणांवर रोज जाणारा ड्रायव्हर. हा माणूस गाडी शिकतो कुठे, आणि एकदा शिकल्यावर पुन्हा कधी शिकतो का?

सुरुवात कायद्यापासून करू. (सरकारी मराठीत लायसनला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात आणि ‘परवाना’ हा शब्द परमिटसाठी राखून ठेवतात. सगळे लायसनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.) १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहतुकीचे वाहन चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण लागतात, आणि शिकाऊ लायसन मिळण्याआधी हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष हातात असावे लागते. ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. १९८९ च्या केंद्रीय नियमांत अशा प्रशिक्षणासाठी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तास सांगितले आहेत. आठवी पासची अटही होती, ती २०१९ मध्ये काढली गेली. ती काढली याचे मला दुःख नाही. सही करता येणारा पण घाट न समजणारा ड्रायव्हर आणि घाट समजणारा पण शाळा सुटलेला ड्रायव्हर, यांत मी कोणाच्या गाडीत बसेन हे सांगायला नको.

कागदावरचे हे १५ तास आणि प्रत्यक्ष शिक्षण यांत फार अंतर आहे. आपल्याकडे ट्रक ड्रायव्हर घडला तो क्लीनर म्हणून, म्हणजे बोलीतला ‘किन्नर’. गाडी धुणे, ताडपत्री बांधणे, चढावर गाडी थांबली की चाकाखाली दगड लावणे, रिव्हर्स घेताना मागे उभे राहून ओरडणे, आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हरच्या मर्जीने थोडा वेळ स्टिअरिंग धरणे. या शाळेला फी नव्हती, सुट्टीही नव्हती. तिने उत्तम ड्रायव्हर दिले, हे मान्य करायला हवे. पण गुरूच्या हातचे कसब उतरते, तशा त्याच्या खोडीही उतरतात. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणे ही त्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक.

ही खोड का घातक, ते नीट पाहू. दोन ॲक्सलच्या ट्रकला २०१८ पासून मालासह साडेअठरा टन वजनाची मुभा आहे. असा भरलेला ट्रक ५०० मीटर उंची उतरतो, तेव्हा त्या वजनातून जी ऊर्जा मोकळी होते तिने जवळजवळ ३०० लिटर पाणी उकळेल. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. तिला दोनच मुख्य वाटा आहेत. एक इंजिन, दुसरी ब्रेकचे ड्रम. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन चाकांना मागे ओढून धरते आणि मोठा वाटा तेच उचलते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ड्रमवर येतो. ड्रम तापतो, फुगतो, लायनिंगची पकड सुटत जाते. पाय पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी थांबत नाही. ब्रेक ‘फेल’ झाले असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा पुष्कळदा ब्रेक तुटलेले नसतात, तापलेले असतात. म्हणून जुने जाणते सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रलने डिझेल वाचते ही समजूतही आजच्या इंजिनांना लागू नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जाणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

म्हणजे गाडी बदलली, शिकवण तीच राहिली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिने आली, विजेच्या बस आल्या. विजेच्या बसला गिअर नाही, पाय ठेवताच ती जोरात उचल घेते, आणि पाय काढला की मोटारच गाडीला आवर घालते. वीस वर्षे क्लच-गिअर चालवलेल्या पायाला हे सगळे नवे असते. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ल्याला बेस्टसाठी भाड्याने घेतलेली विजेवरची बस गर्दीत घुसली आणि माणसे मेली. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. पण वाहनाची जात बदलताना ड्रायव्हरला किती दिवस शिकवले, हा प्रश्न त्या दिवसानंतर उघडपणे विचारला जाऊ लागला. कायद्याकडे त्याचे उत्तर नाही. अवजड प्रवासी वाहनाचे लायसन असले की डिझेल बस काय आणि विजेची काय, एकच.

मला सर्वांत खटकते ती पुढची गोष्ट. वाहतुकीच्या वाहनाचे लायसन पाच वर्षांनी नवे करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही मुदत तीन वर्षांची होती. नूतनीकरणाला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. डोळे तपासले जातात, कसब तपासले जात नाही. पेट्रोल, ॲसिड, गॅस असा धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला मात्र आधी तीन दिवसांचा खास अभ्यासक्रम आणि पुढे उजळणी करावी लागते. त्याच्या लायसनची मुदत पूर्वी एक वर्षाची होती, आता तीन वर्षांची आहे. म्हणजे पेट्रोलच्या टँकरला उजळणी आहे, पन्नास माणसांच्या बसला नाही. उजळणीचा दुसरा उल्लेख कायद्यात कलम १९ मध्ये सापडतो. गुन्ह्यामुळे लायसन जप्त झाले, तर उजळणी वर्ग पूर्ण केल्यावरच ते परत मिळते. पुन्हा शिकणे ही शिक्षा आहे, असाच अर्थ ड्रायव्हर यातून काढणार.

युरोपीय संघाने २००३ मध्ये याच्या उलट वाट धरली. प्रवासी वाहनांसाठी २००८ पासून आणि मालवाहतुकीसाठी २००९ पासून तिथे धंदेवाईक ड्रायव्हरला लायसनखेरीज व्यावसायिक पात्रतेचे प्रमाणपत्र लागते, आणि दर पाच वर्षांत ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. तक्रारी तिथेही आहेत. नुसते वर्गात बसून तास भरल्याचे आरोप होतात. पण मुदत पाहा. पाच वर्षे, आपल्या लायसनइतकीच.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. पुण्यात १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, भोसरीला एसटीची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. निवड झालेल्या उमेदवाराला एसटी थेट गाडी देत नाही, आधी शिकवते आणि चाचणी घेते. यातला सर्वांत बोलका प्रयोग महिला चालकांचा. बाईला कोणी क्लीनर म्हणून घेत नाही, त्यामुळे रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरची ती जुनी शाळा तिला कायमची बंद होती. शेवटी अवजड वाहन शिकवण्याचे काम महामंडळाला स्वतःच करावे लागले. २०१९ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले आणि २०२३ मध्ये महिला चालकांच्या हाती एसटीचे स्टिअरिंग आले. वेळ लागला, पण क्लीनरकीशिवाय ड्रायव्हर घडवता येतो हे सिद्ध झाले. तेच खाजगी ट्रकवाल्या पोरांसाठी का होऊ नये?

१ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू आहेत. अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा, सिम्युलेटर हवा, चाचणीचा ट्रॅक हवा, जागा दोन एकर हवी. तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. योजना चांगली आहे, पण ती नव्या ड्रायव्हरसाठी आहे. आणि नेसरीच्या पोराला कोल्हापूरच ८०-९० किलोमीटर पडते. रोजगार बुडवून तो सहा आठवडे कुठे राहणार?

जानेवारी २०२४ मध्ये ‘हिट अँड रन’च्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा हा माणूस आहे हे आपल्या लक्षात आले. ते पोटकलम १ जुलै २०२४ ला नव्या संहितेसोबत लागू झाले नाही. त्या दिवसांतली चर्चा शिक्षा किती असावी याभोवतीच फिरली, शिक्षण किती असावे हे फार थोड्यांनी विचारले.

माझी सूचना लहान आहे. गडहिंग्लज, चंदगड, आजरा या तिन्ही ठिकाणी एसटीचे आगार आहेत, तिथे घाट मुरलेले चालक आहेत. हंगामाआधी साखर कारखाने वाहतुकीचे करार करतात, तेव्हा भागातले शेकडो ड्रायव्हर एका नोंदवहीत येतात. करारासोबत वाहनाची कागदपत्रे मागतात, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावून घेतात. त्याच आठवड्यात आगारातल्या एखाद्या जुन्या चालकाने सात तास, निम्मे फळ्यापुढे आणि निम्मे उतारावर, ब्रेक, भार आणि झोप यांविषयी सांगायचे, आणि त्या दिवसाची हजेरी कारखान्याने भरून द्यायची. पाच हंगामांत ३५ तास होतात.