परदेशातला घटस्फोट: शिक्का तिथला, लग्न इथलं

न्यू जर्सी, टेक्सास किंवा लंडनच्या न्यायालयाने घटस्फोट दिला की तो भारतातही आपोआप लागू होतो, असं आपल्याकडे चांगली शिकलेली माणसंही धरून चालतात. तसं नाही. परदेशी निकाल भारतात केव्हा मान्य होत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३मध्ये लिहिलेलं आहे. त्या न्यायालयाला अधिकारच नसेल, दुसऱ्या बाजूला म्हणणं मांडायची रास्त संधी मिळाली नसेल, निकाल गुणदोषांवर नसेल, फसवणूक झाली असेल किंवा लागू असलेला भारतीय कायदा डावलला असेल, तर तो निकाल इथे टिकत नाही. घटस्फोटात कायदा डावलण्याचा मुद्दा फार आड येतो. पुण्यातल्या मंगल कार्यालयात सप्तपदी होऊन लागलेलं लग्न १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखालचं असतं, आणि जोडपं नंतर डॅलसला राहायला गेलं म्हणून त्या लग्नाचा कायदा बदलत नाही.

याचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात घातला. लग्न १९७५मध्ये तिरुपतीला हिंदू पद्धतीने झालं होतं. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात आपण ९० दिवस राहत असल्याचं सांगून तिथे अर्ज केला. बायकोने भारतातूनच आपला विरोध कळवला, त्या न्यायालयाचा अधिकार मानला नाही. तरीही तिकडे घटस्फोट मंजूर झाला, तोही लग्न सावरण्यापलीकडे मोडलं आहे या कारणावर. हिंदू विवाह कायद्यात हे कारणच नाही. १९८१मध्ये नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोने एक लग्न कायम असताना दुसरं केल्याची फिर्याद दिली. सर्वोच्च न्यायालयाने मिसूरीचा निकाल मानला नाही आणि फिर्याद पुढे चालू दिली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२नुसार या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘तिकडचा कागद आहे ना’ एवढ्या भरवशावर इकडे मुली बघायला सुरुवात करणाऱ्या कुटुंबांनी हे नीट समजून घ्यावं.

म्हणजे परदेशातला प्रत्येक घटस्फोट इथे निकामी, असाही अर्थ नाही. त्याच निकालात न्यायालयाने वाट ठेवली आहे. ज्याच्यावर अर्ज झाला तो जोडीदार कायमचा त्याच देशात राहत असेल आणि घटस्फोटाचं कारण इथल्या कायद्यातही असेल, तर निकाल चालतो. त्याने स्वखुशीने त्या न्यायालयाचा अधिकार मानून अशाच कारणावर खटला लढवला असेल, तरी चालतो. आणि त्याने घटस्फोटाला संमती दिली असेल तर अधिकाराची अडचण उरत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२पासून कोणताही दोष सिद्ध न करता, एकट्याच्या अर्जावरही घटस्फोट मिळतो. तिथे स्थायिक झालेल्या दोघांच्या सहीने तो झाला असेल तर भारतात बहुधा अडत नाही. दुसऱ्या जोडीदाराच्या गैरहजेरीत झाला असेल तर अडू शकतो. म्हणून दोघांची लेखी संमती निकालाच्या कागदपत्रांत दिसेल अशी ठेवावी.

यातूनच परदेशी न्यायालयाच्या नोटिशीबद्दलचा गोंधळ होतो. सांगलीत माहेरी परतलेल्या मुलीच्या हातात कॅलिफोर्नियाचं पाकीट पडतं. एक नातेवाईक सांगतो, दुर्लक्ष कर, ते इथे चालणारच नाही. दुसरा सांगतो, ताबडतोब उत्तर पाठव. दोन्ही सल्ले घातक ठरू शकतात. गप्प राहिलं तर तिथे एकतर्फी निकाल होतो आणि तिथली मालमत्ता, मुलांचा ताबा, पोटगी हे सगळं तिच्याविना ठरतं. सविस्तर उत्तर देऊन खटला लढवला तर तिने त्या न्यायालयाचा अधिकार मानला, असा अर्थ निघू शकतो. म्हणून उत्तराची मुदत संपायच्या आत तिथला एक आणि इथला एक, अशा दोन वकिलांशी बोलावं. अधिकारालाच हरकत घ्यायची की लढायचं, हे पहिल्या उत्तरात ठरतं.

दोघं राजी असतील आणि भारतातच मोकळं व्हायचं असेल, तर महिनोन् महिने इथे येऊन राहावं लागतं हीही भीती अनाठायी आहे. लग्न जिथे झालं किंवा दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले, तिथल्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करता येतो. त्याआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोन टप्प्यांमधली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. न्यायालयाने परवानगी दिली तर व्हिडिओवरून हजर राहता येतं. गोव्यात नोंदलेल्या लग्नाची गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा लागतो, तेव्हा वकीलही गोव्यातलाच गाठावा.

मात्र पुण्यात झटपट घटस्फोट उरकला की अमेरिकेतले हिशेबही मिटले, असं समजू नये. ‘घर त्याच्या नावावर आहे, माझा काय हक्क?’ असं कितीतरी बायका म्हणतात. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन या राज्यांत लग्नानंतरची कमाई आणि त्यातून घेतलेलं घर साधारणपणे दोघांचं धरलं जातं, नाव कुणाचंही असो. नवऱ्याच्या ४०१(के) या निवृत्ती खात्यातला वाटा मिळवायला तर तिथल्या न्यायालयाचा वेगळा आदेश लागतो, इथल्या निकालाने ते काम होत नाही. उलट बाजूने, परदेशी न्यायाधीश इथल्या सातबाऱ्यावरचं नाव बदलू शकत नाही. आणि बँकेच्या लॉकरमधलं स्त्रीधन लॉकर कुणाच्याही नावावर असला तरी तिचंच असतं.

व्हिसाच्या धाकाने बायका किती सोसतात, हे बघून जीव तुटतो. अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावरच्या बाईला ‘अर्ज केलास तर उद्या भारतात पाठवतील’ असं घरातच सांगितलं जातं. हे खोटं आहे. हा दर्जा नुसत्या अर्जाने किंवा वेगळं राहायला लागल्याने जात नाही, तो घटस्फोट अंतिम झाल्यावर संपतो. तोवर विद्यार्थी व्हिसासारखा दुसरा दर्जा मागता येतो, पण ते आधी करायला हवं, निकाल लागल्यावर नव्हे. दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड असेल तर पुढचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. घटस्फोट किंवा छळ झाला असेल तर तो एकटीला करता येतो. मारहाण होत असेल तर नवऱ्याच्या सहीवर अवलंबून नसलेले मार्ग अमेरिकी कायद्यात आहेत. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५पासून आणि लंडनची ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ १९७९पासून अशा बायकांच्या पाठीशी आहे. परक्या देशात एकटं पडलेल्या भारतीय बाईला भारतीय दूतावासाकडेही मदत मागता येते आणि राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी स्वतंत्र कक्ष आहे.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज मुलांबाबतचा. मुलाला घेऊन भारतात आलं की प्रश्न मिटला, असं वाटतं, कारण मुलांना परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही. पण भारतीय न्यायालय आईचा किंवा बापाचा हट्ट बघत नाही, मुलाचं हित बघतं. अमेरिकेतला न्यायालयीन आदेश मोडून आई मुलीला इथे घेऊन आली, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये मुलीला परत नेण्याचा आदेश दिला. अमेरिकेत तर दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्याच्या हेतूने मुलाला देशाबाहेर नेणं १९९३पासून संघीय गुन्हा आहे. एकदा असा गुन्हा नोंदला गेला की परत जाऊन ताबा मागणंच अवघड होऊन बसतं. म्हणून जिवाला धोका नसेल तर मुलाला घेऊन विमानात बसण्याआधी दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा तिथल्या न्यायालयाची परवानगी घ्यावी, परतीची तारीख त्यात लिहावी, आणि राहायचं लांबणार असेल तर ती तारीख उलटण्याआधी तिथल्या वकिलाला कळवावं.