पेशी जिवंत आहे का? काजव्याला विचारा!

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. समोर बसलेलं मांजर जिवंत आहे हे तुम्हाला कसं कळतं? ते शेपटी हलवतं, त्याचं पोट वरखाली होतं, दुधाचं पातेलं वाजलं की धावत येतं. आणि झाड? त्याला पालवी फुटते, कळ्या येतात. सोपं आहे!

आता प्रश्न जरा अवघड करू. प्रयोगशाळेतल्या एका उथळ, पारदर्शक बशीत माणसाच्या पेशी वाढवल्या आहेत. एकेक पेशी इतकी बारीक, की एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर पन्नासेक पेशी सहज मावतील. बशीच्या तळाला चिकटून सगळ्या गप्प बसल्या आहेत. ना हालचाल, ना आवाज. आता सांगा, त्यातल्या जिवंत किती? मेलेल्या किती? आणि ज्या जिवंत आहेत, त्या जोमात आहेत की मरगळलेल्या?

“सूक्ष्मदर्शकातून बघायचं!” असं तुम्ही म्हणाल. शास्त्रज्ञ बघतातच. पण मरणाच्या वाटेवर असलेली पेशी काही काळ दिसायला अगदी ठणठणीत असू शकते. शिवाय अशा शेकडो बशा असल्या आणि प्रत्येकीत हजारो पेशी असल्या, तर डोळे तरी किती पुरणार? म्हणून पेशी दिसते कशी, एवढ्यावर शास्त्रज्ञ थांबत नाहीत. ती करते काय, हे ते मोजतात.

गप्प बसलेली पेशी काय करत असते?

खूप काही! ती साखर आत घेते, ऑक्सिजन वापरते, जुने भाग मोडते, नवे बांधते, नको ते बाहेर टाकते. या सगळ्या उलाढालीला म्हणतात चयापचय.

या उलाढालीची एक खूण तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात, त्यात बहुतेक वेळा फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो. ताजा द्रव छान गुलाबी-लाल दिसतो. पेशी त्यातली साखर वापरतात आणि आम्लं बाहेर टाकतात. द्रव आंबट होत जातो, तसा रंग आधी नारिंगी आणि मग पिवळा होतो. सकाळी इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार उघडल्यावर पिवळा द्रव दिसला, की शास्त्रज्ञ ओळखतात: पेशी जोरात जेवल्या आहेत, आता ताजं खाणं द्यायला हवं.

पण “जोरात” म्हणजे नेमकं किती? त्याचा आकडा हवा. त्यासाठी आधी एका रेणूची ओळख करून घेऊ. त्याचं नाव आहे एटीपी, म्हणजेच अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट.

एटीपी: पेशीचे सुट्टे पैसे

एसटीत चढलात आणि पंधरा रुपयांच्या तिकिटासाठी पाचशेची नोट पुढे केलीत, तर कंडक्टरकाका काय म्हणतील? “सुट्टे द्या!” पेशीचंही तसंच आहे. साखरेत भरपूर ऊर्जा असते, पण बारीकसारीक कामांसाठी ती तशीच वापरता येत नाही. म्हणून पेशी साखरेची मोड करते. ग्लुकोज या साखरेच्या एका रेणूतल्या ऊर्जेतून साधारण ३० एटीपी तयार होतात, आणि मग जिथे जेवढी ऊर्जा लागेल तिथे तेवढे एटीपी खर्च होतात.

हा खर्च किती वेगाने होतो माहीत आहे? एका साधारण पेशीत कोणत्याही क्षणी सुमारे १०० कोटी एटीपी रेणू असतात. अनेक पेशींमध्ये हा सगळा साठा एक-दोन मिनिटांत वापरून होतो आणि तेवढ्याच वेळात पुन्हा भरतोही. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या बोटांच्या टोकांतल्या पेशींनी कितीतरी एटीपी वापरले आणि पुन्हा घडवले!

एटीपीच्या शोधात आपल्या देशातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्र प्रदेशातल्या भीमावरम इथे १८९५ साली त्यांचा जन्म झाला. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करताना त्यांना स्नायूंमध्ये एटीपी सापडलं. ते साल होतं १९२९. त्याच साली जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते वेगळ्या वाटेने सापडलं.

आता गंमत बघा. पेशी मेली की नवं एटीपी बनणं थांबतं, आणि होतं ते झपाट्याने संपून जातं. म्हणजे बशीत एटीपी भरपूर असेल, तर जिवंत पेशी भरपूर. एटीपी कमी, तर पेशी कमी तरी आहेत किंवा आजारी तरी. पण हा रेणू डोळ्यांना दिसत नाही, त्याला रंग नाही. मग तो मोजायचा कसा?

इथे आपल्या मदतीला येतो काजवा.

काजव्याचं गुपित

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला की भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलेही असतील. हा उजेड हातावर घेतला तरी चटका बसत नाही. मग तो येतो कुठून?

फ्रान्समधल्या राफाएल द्युबोआ यांनी १८८५ साली एका चमकणाऱ्या भुंग्यावर फार हुशारीचा प्रयोग केला. त्यांनी भुंग्याचा प्रकाश देणारा भाग थंड पाण्यात कुटला. ते पाणी चमकलं आणि हळूहळू विझलं. मग दुसरा भाग त्यांनी गरम पाण्यात घातला. त्याचाही उजेड गेला. आता ही दोन्ही विझलेली पाणी त्यांनी एकत्र ओतली, आणि काय आश्चर्य! उजेड परत आला!

याचा अर्थ काय? उजेडासाठी दोन वस्तू लागत होत्या. एक वापरून संपणारी, जी थंड पाण्यात संपून गेली होती. दुसरी तिच्यावर काम करणारी, जी गरम पाण्यात बिघडली होती. एका पाण्यात जे उरलं नव्हतं, ते दुसऱ्यात शिल्लक होतं. पहिल्या वस्तूला पुढे ल्युसिफेरीन म्हणू लागले आणि दुसरीला ल्युसिफेरेज. हे ल्युसिफेरेज म्हणजे एक विकर, रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन.

यानंतर साठ-एक वर्षांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ काजव्यांचा अभ्यास करत होते. त्यांना काजवे हवे होते, तेही हजारोंनी. एकटा माणूस किती पकडणार? त्यांनी मुलांनाच हाक दिली: शंभर काजवे आणा, पंचवीस सेंट घ्या! मग काय, बाल्टिमोरच्या मुलांना उन्हाळ्याच्या संध्याकाळी नवा उद्योगच मिळाला. अंगणाअंगणातून काजवे गोळा होऊन प्रयोगशाळेत येऊ लागले.

मॅकेलरॉय यांनी काजव्यांचे प्रकाश देणारे भाग वेगळे करून कुटले आणि त्यांचा अर्क काढला. अर्क चमकला, पण थोड्याच वेळात मंदावून विझला. त्यांनी त्या विझलेल्या अर्कात एटीपी टाकलं, आणि अर्क लखलखला! संपलं होतं ते एटीपी. काजव्याचा दिवा एटीपीवर चालतो, हे १९४७ साली जगाला कळलं.

उलटा विचार

काजव्याचा उजेड एटीपीवर अवलंबून असेल, तर उजेड मोजून एटीपी किती आहे ते सांगता येईल का? येतं! ल्युसिफेरीन आणि ल्युसिफेरेज भरपूर ठेवायचं आणि नमुन्यातलं एटीपी त्यात मिसळायचं. एटीपी जास्त तर उजेड जास्त, एटीपी कमी तर उजेड कमी. बर्नार्ड स्ट्रेलर आणि जॉन टॉटर यांनी १९५२ साली काजव्याच्या अर्काने एटीपी मोजण्याची पद्धत मांडली. काजवा का चमकतो, या साध्या कुतूहलातून शास्त्रज्ञांच्या हाती मोजमापाचं एक साधन आलं.

आज प्रयोगशाळेत हे कसं करतात, चला, जवळ जाऊन बघू. टेबलावर तळहाताएवढी एक प्लास्टिकची प्लेट आहे. तिच्यात खळग्यांच्या ८ ओळी, प्रत्येक ओळीत १२ खळगे, म्हणजे एकूण ९६. प्लेट पांढरी आणि अपारदर्शक आहे. का बरं? एका खळग्याचा उजेड शेजारच्या खळग्यात घुसू नये आणि मंद उजेडही वाया न जाता वर परावर्तित व्हावा, म्हणून. प्रत्येक खळग्यात पोषक द्रवाचे दोन-चार थेंब आणि बहुतेकांत काही हजार पेशी. काही खळग्यांत नवं औषध घातलंय, काहींत औषध नाही, आणि काहींत पेशीच नाहीत, नुसता द्रव.

प्लेट ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला ठेवतात. ठरलेला वेळ झाला की प्रत्येक खळग्यात पिपेट नावाच्या बारीक नळीने एक मिश्रण सोडतात. त्यात पेशीचं पातळ आवरण फोडणारा पदार्थ असतो, शिवाय ल्युसिफेरीन आणि ल्युसिफेरेज. प्लेट हलवून घ्यायची, दहाएक मिनिटं थांबायचं. पेशीतलं एटीपी बाहेर येतं, काजव्याचं विकर कामाला लागतं आणि खळगे पिवळसर-हिरवे चमकू लागतात. हा उजेड बहुतेक वेळा इतका मंद असतो, की आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही. म्हणून प्लेट ल्युमिनोमीटर नावाच्या यंत्रात ठेवतात. आत गडद अंधार करून यंत्र एकेका खळग्याचा उजेड मोजतं आणि संगणकावर ९६ आकडे येतात.

समजा, कॅन्सरच्या पेशींवर औषध तपासायचं आहे. औषध नसलेल्या खळग्यांत उजेड भरपूर आणि औषध घातलेल्या खळग्यांत अगदी थोडा, तर औषधाने पेशींना गाठलं म्हणायचं. पण लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत! कदाचित औषधाने पेशींना काहीच केलं नसेल, ल्युसिफेरेजलाच अडवलं असेल. म्हणून दुसऱ्या पद्धतीनेही पडताळणी करतात. टिम मॉसमन यांनी १९८३ साली सांगितलेल्या पद्धतीत एमटीटी नावाचा पिवळा पदार्थ पेशींना देतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक बनवतात. जांभळा रंग जितका गडद, तितकी पेशींची हालहवाल बरी. दोन्ही पद्धतींनी एकच गोष्ट सांगितली, तर विश्वास वाढतो.

हीच काजव्याची युक्ती स्वच्छता तपासायलाही वापरतात. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात टेबल पुसलं, की कापसाच्या बोळ्याने त्यावरचा नमुना घ्यायचा आणि छोट्याशा यंत्रात घालायचा. उजेड फार आला, तर तिथे अन्नाचे कण किंवा जंतू उरलेत. टेबल पुन्हा धुवा!

आणि हो, यासाठी आता काजव्यांचा जीव घ्यावा लागत नाही. १९८५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शास्त्रज्ञांनी ल्युसिफेरेजचा जनुक, म्हणजे ते बनवण्याची पेशीतली सूचना, वेगळा करून ई. कोलाय या जिवाणूत घातला. तेव्हापासून जिवाणूंकडूनच हे विकर बनवून घेता येतं. त्यामुळे झाडावर काजवे दिसले तर लांबून बघा, बाटलीत भरू नका, त्यांच्यावर टॉर्च मारू नका. लुकलुकण्यातूनच ते आपला जोडीदार शोधतात, आपल्या टॉर्चने त्यांचा गोंधळ होतो.

करून पहा

ल्युमिनोमीटर आपल्याकडे नाही, पण चयापचय घरीही मोजता येतं. त्यासाठी किराणा दुकानातून कोरडं यीस्ट आणा. यीस्ट म्हणजे जिवंत पेशीच!

तीन सारख्या छोट्या बाटल्या, तीन सारखे फुगे, दोरा, पट्टी, साखर आणि पाणी घ्या.

बाटली १: अर्धी वाटी कोमट पाणी, एक चमचा यीस्ट, एक चमचा साखर.

बाटली २: अर्धी वाटी कोमट पाणी, एक चमचा यीस्ट. साखर नाही.

बाटली ३: एक चमचा यीस्ट अर्ध्या वाटी पाण्यात मोठ्यांकडून पाच मिनिटं उकळून घ्या. कोमट झालं की बाटलीत ओतून एक चमचा साखर घाला.

प्रत्येक बाटलीच्या तोंडावर फुगा चढवा. झाकण मात्र लावू नका. दर पंधरा मिनिटांनी फुग्याभोवती दोरा गुंडाळून त्याचा घेर मोजा आणि वहीत लिहा.

पहिला फुगा चांगला फुगेल, कारण यीस्ट साखर वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतं. दुसऱ्यात साखर नाही, म्हणून तो जेमतेम फुगेल. तिसऱ्यात साखर आहे, पण उकळल्यामुळे यीस्ट मेलेलं आहे. फुगा लोंबकळतच राहील. आता विचार करा: दुसरी आणि तिसरी बाटली ठेवलीच नसती, तर पहिला फुगा यीस्टनेच फुगवला हे तुम्ही कसं पटवून दिलं असतं? औषध नसलेले आणि पेशी नसलेले खळगे प्लेटमध्ये का ठेवतात, तेही तुम्हाला यातून कळेल.

एवढं जमलं की पुढचं तुम्हीच शोधा. साखरेऐवजी गूळ घातला तर? कोमटऐवजी फ्रिजमधलं गार पाणी घेतलं तर? एका वेळी एकच गोष्ट बदला, घेर मोजा आणि आलेखाच्या कागदावर वेळ आणि घेर मांडा. ज्या फुग्याची रेघ सगळ्यात भरभर वर चढेल, त्या बाटलीतल्या पेशी सगळ्यात जोमात!