अंधाऱ्या खोलींतील संगीत

छायाचित्र म्हटलें, कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें कॅमेरा उभा राहतो. परंतु फिल्मवरील छायाचित्राचें केवळ बीज कॅमेऱ्यांत पडतें. त्याचा खरा जन्म होतो तो अंधाऱ्या खोलींत. फोटोचा धंदा करणारी मंडळी तिला 'डार्करूम' म्हणतात. ह्या खोलींत डोळ्यांना काम थोडें आणि वाट पाहणें फार. तेथें तासन् तास घालविणाऱ्या पुष्कळांना सोबतीला संगीत लागतें. ही केवळ हौस आहे, कीं त्या कामाशीं संगीताचें कांहीं खरें नातें आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम त्या खोलींत काय चालतें तें पाहूं. फिल्मवर आणि छपाईच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्यावर उजेड पडला म्हणजे त्यांत एक सूक्ष्म फरक होतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं. 'डेव्हलपर' नांवाच्या द्रावणांत बुडविल्यावर, जेथें उजेड पडला होता तेथील क्षारांची काळी चांदी बनते आणि चित्र उमटूं लागतें. पुढें हायपोच्या पाण्यांत उरलेले क्षार विरघळून जातात व चित्र टिकाऊ होतें. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल ह्यानें १८१९ सालींच हेरला होता. छपाईच्या साध्या कागदावर तांबड्या उजेडाचा परिणाम होत नाहीं, म्हणून छपाईच्या वेळीं मंद तांबडा दिवा चालतो. परंतु सर्व रंगांचा उजेड टिपणारी फिल्म डब्यांत भरतांना तोहि चालत नाहीं. तेथें पूर्ण काळोखच हवा.

ह्या सर्व क्रियांवर दोन गोष्टींची हुकमत चालते : एक उष्णता आणि दुसरा काळ. पाणी २० अंश सेल्सिअसवर असेल तर फिल्मला साधारणपणें सहा ते दहा मिनिटें लागतात; कागदाला दीड-दोन मिनिटें पुरतात; आणि एन्लार्जरखालीं कागदावर उजेड पाडणें हें तर बहुधा दहा, पंधरा किंवा वीस सेकंदांचें काम. आपल्याकडील उन्हाळ्यांत पाणी कोमट झालें, कीं हीच क्रिया लवकर उरकते आणि मिनिटें कमी करावीं लागतात. येथें हिशेब चुकला आणि कागद वाया गेला, तर दुसरा घेतां येतो. फिल्म बिघडली तर मात्र उपाय नाहीं. सासरीं निघालेल्या मुलीचा तो क्षण, किंवा पुढें महिन्याभरांतच निवर्तलेल्या आजोबांचा तो हंसरा चेहरा पुन्हां कोठून आणावा ? अंधाऱ्या खोलींतील प्रत्येक मिनिटाला असें मोल असतें.

आतां हा काळ मोजावा कसा ? भिंतीवरील घड्याळ पाहावें, तर डोळे कागदावरून उचलावे लागतात. आणि पूर्ण काळोखांत घड्याळ दिसतच नाहीं. म्हणून हें काम कानावर सोंपविणें सोईचें. आपल्याकडील तालाचें ज्ञान येथें किती उपयोगी पडेल पाहा. मिनिटाला साठ मात्रा अशी लय धरली, तर एक मात्रा म्हणजे एक सेकंद. झपतालाचें आवर्तन दहा मात्रांचें, म्हणजे दहा सेकंदांचें; सहा आवर्तनें झालीं कीं एक मिनिट पुरें. एकतालाचें आवर्तन बारा मात्रांचें; त्याचीं पांच आवर्तनें म्हणजेहि एक मिनिटच. मात्र माणसाच्या मनांतील लय मनाच्या अवस्थेप्रमाणें बदलते. घाई झाली कीं ती वाढते, थकवा आला कीं उतरते. ह्यासाठींच पाश्चात्त्य संगीतांत लय दाखविणारें एक यंत्र आहे. त्यास 'मेट्रोनोम' म्हणतात. योहान मेल्त्सेल ह्यानें १८१५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. ठराविक अंतरानें 'टक् टक्' असा ठोका देणें, एवढेंच त्याचें काम.

हें संगीतशाळेंतील यंत्र अंधाऱ्या खोलींत आणून बसविणारा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रकार म्हणजे अमेरिकेंतील ॲन्सेल ॲडम्स. त्याचा जन्म १९०२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. बाराव्या वर्षीं तो पियानो शिकूं लागला, आणि पुढें कित्येक वर्षें पियानोवादक होण्याचीच त्याची तयारी चालली होती. १९३० च्या सुमारास त्यानें संगीताचा व्यवसाय सोडून छायाचित्रण पत्करलें. परंतु संगीतानें लाविलेली शिस्त त्याला सोडून गेली नाहीं. छपाईच्या वेळीं तो घड्याळाऐवजीं मेट्रोनोम लावी आणि सेकंदासेकंदाचे ठोके मोजी. त्यांतील लाभ उघड आहे. एन्लार्जरचा उजेड कागदावर पडत असतांना चित्राचा कांहीं भाग हातानें किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यानें झांकावा लागतो, म्हणजे तो फिकट राहतो. दुसऱ्या भागावर अधिक वेळ उजेड द्यावा लागतो, म्हणजे तो गडद होतो. येथें तीन ठोके, तेथें पांच, कोपऱ्याला आणखी दोन, असा तो सर्व हस्तव्यापार असतो. डोळे कागदावर, हात उजेडांत आणि कान ठोक्यावर, अशी कामाची वांटणी झाली म्हणजे चूक होण्याचा संभव कमी होतो.

ह्या काळजीचें मोल त्याच्या एका चित्रावरून कळतें. १ नोव्हेंबर १९४१ रोजीं न्यू मेक्सिको प्रांतांतील हर्नांडेझ ह्या खेड्यावरून जातांना त्याला पूर्वेस उगवलेला चंद्र आणि मावळत्या उन्हांत उजळलेले स्मशानांतील क्रूस दिसले. त्यानें घाईघाईनें कॅमेरा लाविला, पण उजेड मोजण्याचें उपकरण सांपडेना. चंद्राच्या तेजाचा अंदाज धरून त्यानें एक चित्र घेतलें. दुसरें घेण्यापूर्वींच क्रूसांवरील ऊन निघून गेलें. हातीं आली ती एकच निगेटिव्ह, आणि तीहि छापण्यास मोठी अवघड. १९४८ सालीं तिचा खालचा भाग रसायनानें अधिक ठळक करावा लागला. पुढें अनेक वर्षें तो त्याच निगेटिव्हवरून नवनव्या प्रती छापीत राहिला, आणि त्या प्रतींतील आकाश उत्तरोत्तर अधिक काळें होत गेलें.

निगेटिव्ह ही संगीताची लिहिलेली प्रत होय आणि छापलेलें चित्र हें तिचें वादन होय, असें ॲडम्स म्हणत असे. आपल्या गवयांच्या भाषेंत सांगावयाचें, तर निगेटिव्ह ही बंदिश आणि छपाई ही गायकी. बंदिश तीच, पण ती विशीं-पंचविशींत गाणें वेगळें आणि साठीनंतर गाणें वेगळें. हें मर्म ध्यानांत आलें, म्हणजे संगीताचा आणि अंधाऱ्या खोलीचा संबंध केवळ करमणुकीचा नाहीं, हें पटतें.

ठोक्याच्या पुढची पायरी म्हणजे तबकडी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें वाजे. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर ह्यांच्या भैरवीचें जें ध्वनिमुद्रण १९७७ सालीं व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडींतून अंतराळांत गेलें, तेंहि साडेतीन मिनिटांचेंच आहे. एवढ्या अवधींत कागद डेव्हलपरमधून निघून, मधल्या आंबट पाण्यांतून हायपोंत पोहोंचतो. ज्याला ती चीज पाठ आहे, त्याला कोणत्या तानेपाशीं एक मिनिट झालें आणि कोठें दोन, हें न मोजतां समजतें. हीच गोष्ट वाळूच्या घड्याळाला साधत नाहीं. कारण वाळू संपली हें डोळ्यांनींच पाहावें लागतें. १९४८ सालीं अमेरिकेंत लांब वाजणाऱ्या तबकड्या निघाल्या आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. मग फिल्म धुण्याच्या सबंध अवधींत तबकडी उलटण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु संगीताचा दुसराहि एक गुण आहे. तें काळ मोजतें, तसें काळाचें विस्मरणहि घडवितें. ह्या दुसऱ्या गुणाचें उदाहरण म्हणजे अमेरिकेंतीलच यूजीन स्मिथ. त्याचा जन्म १९१८ चा. दुसऱ्या महायुद्धांत ओकिनावा बेटावर १९४५ सालीं तो जबर जखमी झाला आणि बरा होण्यास दोन वर्षें लागलीं. पुढें 'लाइफ' साप्ताहिकांतील चित्रकथांनीं त्याला कीर्ति दिली. अंधाऱ्या खोलींत मोठ्या आवाजांत तबकड्या लावून तो काम करी आणि एकेका प्रतीसाठीं रात्रीमागून रात्री जागवी. त्याच्या संग्रहीं सुमारें २५,००० तबकड्या होत्या. १९५७ सालीं घरसंसार मागें टाकून तो न्यूयॉर्कमधील एका जुनाट इमारतींत राहावयास गेला. तेथें रात्रभर जॅझचे वादक जमत. स्मिथनें इमारतभर मायक्रोफोन बसविले आणि सुमारें ४,००० तासांचें ध्वनिमुद्रण करून ठेविलें.

त्याच्या कामाची उंची कोणी नाकारीत नाहीं. पण त्याची किंमतहि पाहिली पाहिजे. १९५५ सालीं पिट्सबर्ग शहराचीं शंभर छायाचित्रें घेण्याचें कांहीं आठवड्यांचें काम त्यानें पत्करलें, आणि हजारों निगेटिव्ह जमवून तो त्यांतच वर्षानुवर्षें गुंतून पडला. संगीतानें त्याचें हें झालें असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो स्वभावच तसा होता. तथापि जें संगीत रात्रीचा थकवा जाणवूं देत नाहीं, तें रात्र संपल्याचेंहि जाणवूं देत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

म्हणून अंधाऱ्या खोलींत संगीत लावणारानें काम पाहून संगीत निवडावें. एन्लार्जरखालील सेकंदांच्या कामांत नुसता ठोका बरा. त्या वेळीं दुसरी लय कानीं पडली, तर मोजणी बिघडते. डेव्हलपरच्या मिनिटांत आपल्या पाठांतली, ठरलेल्या लांबीची चीज असावी. आणि चित्रें वाहत्या पाण्यांत धूत ठेविलीं म्हणजे विलंबित ख्याल खुशाल लावावा. तेथें पांच मिनिटें अधिक झालीं तरी फारसें बिघडत नाहीं.

यंत्राविषयींहि सावधगिरी हवी. जुन्या रेडिओच्या तबकडीमागील दिवा, आणि हल्लीं मोबाइलचा पडदा, हे दोन्ही कागदाचे व फिल्मचे वैरी होत. मोबाइलवर गाणें लावावयाचें, तर तें आधींच सुरू करून फोन खोलीबाहेर ठेवावा आणि आवाज देणारें यंत्र तेवढें आंत ठेवावें. त्यावरहि बारीक दिवा असल्यास तो झांकावा. तें यंत्र एन्लार्जरच्या मेजावर कधींहि ठेवूं नये. त्याच्या कंपानें चित्राच्या रेषा पुसट होतात. आणि ओल्या हातानें विजेच्या बटणाला स्पर्श करूं नये, हें तर लहान मुलासहि सांगावें लागूं नये.

अमेरिकेंतील टूसॉन शहरांत १९७५ सालीं छायाचित्रकलेची एक संग्रहसंस्था निघाली. तिच्या स्थापनेंत ॲडम्सचा मोठा वांटा होता, आणि त्याच्या आयुष्यभराच्या निगेटिव्ह तेथें जतन करून ठेविल्या आहेत. स्मिथचा सारा संग्रहहि तेथेंच आहे. एकानें संगीताकडून काळ मोजण्यास शिकून घेतलें. दुसऱ्यानें काळ विसरण्यासाठीं संगीताचा आश्रय केला. दोघांचीं चित्रें आज एकाच छपराखालीं नांदत आहेत. मोजणें आणि विसरणें ह्या दोहोंचीहि कलेला गरज आहे; मात्र कोणत्या मिनिटाला मोजावें आणि कोणत्या मिनिटाला विसरावें, हें ज्यास कळलें, त्याच्या हातून कोणाच्या आजोबांचा हंसरा चेहरा अंधारांत हरवणार नाहीं.